पर्समध्ये आलेला कलमाचा चाकू

घरी येऊन पर्स पलंगावर उपडी केली, तेव्हा किल्ल्या, चष्मा आणि रुमाल यांच्याबरोबर एक चाकू बाहेर पडला. घडीचा, लाकडी मुठीचा, माझ्या पंजाएवढा. मुठीवर हिरवी नायलॉनची दोरी घट्ट गुंडाळलेली होती. तो माझा नव्हता आणि नवऱ्याचाही नव्हता. ज्याच्या हातात तो तासाभरापूर्वी होता, त्याचं तोंडही मी धड पाहिलं नव्हतं.

मी शिवणकाम करते. विरारच्या चंदनसारला आमचं घर, खिडकीशी मशीन, आणि आजूबाजूच्या इमारतींतल्या बायका माझ्या गिऱ्हाईक. त्या दिवशी आचोळ्याच्या एका मुलीचे डोहाळजेवणाचे ब्लाउज पोचवायचे होते. आषाढ चालू होता, पण सकाळपासून पावसानं उघडीप दिली होती, म्हणून नवरा म्हणाला, स्कूटरवरून पटकन जाऊन येऊ. मी मागे बसले. ओढणी खांद्यावरून मागे टाकलेली होती. ती चाकात कधी गेली ते कळलं नाही. कळलं ते इतकंच, की मागून मानेला जोरात हिसका बसला आणि मी रस्त्यावर आपटले.

नवऱ्यानं लगेच ब्रेक मारला म्हणून मी आज हे लिहिते आहे. पण ओढणीचा पीळ चाकात घट्ट बसला होता आणि उरलेला माझ्या गळ्याभोवती. माझं डोकं चाकाशी ओढलं गेलं होतं. लोक जमले. कोणी म्हणे चाक उलटं फिरवा, कोणी म्हणे फिरवू नका, आणखी आवळेल. नवरा दोन्ही हातांनी कापड फाडायला बघत होता. ते फाटणार नव्हतं. पक्क्या सुताची ओढणी होती, मीच निवडून घेतलेली. मला श्वास घेता येत नव्हता आणि डोळ्यांपुढे पिवळं पिवळं दिसायला लागलं होतं.

मग गळा आणि कापड यांच्या फटीत कोणाचीतरी दोन बोटं शिरली. पाठोपाठ काहीतरी गार लागलं.

"ताई, हलू नका."

एवढंच ऐकलं. चाकूची पाठ माझ्या कातडीला टेकलेली होती आणि धार बाहेर. त्यानं एकच ओढ दिली आणि कापड सुटलं. मी आत ओढलेल्या पहिल्या श्वासाचा आवाज मलाच भयंकर वाटला.

तो माणूस मग चाकातली ओढणी कापत बसला. त्याचा टेम्पो रस्त्याच्या मधोमध उभा होता, मागून हॉर्न वाजत होते. मला कोणी एका दुकानाच्या पायरीवर बसवलं, पाणी दिलं. नवरा वळून त्याचे आभार मानायला गेला, तोवर टेम्पो निघून गेला होता. गर्दीतल्या एका बाईनं रस्त्यावर पडलेल्या माझ्या वस्तू उचलून पर्समध्ये भरल्या. चाकूही माझाच समजून तिनं त्यात टाकला असणार.

डॉक्टरांनी गळा तपासला, गंभीर काही नाही म्हणाले. काही दिवस आवाज बसेल, घोटभर पाणीसुद्धा बेतानं प्या. संध्याकाळी खाली जाऊन स्कूटरच्या चाकात अडकलेले धागे नवरा चिमट्यानं एकेक करून काढत बसला. मी वरून खिडकीतून पाहत होते. हाक मारावीशी वाटली, पण आवाज नव्हता.

चाकू मी मशीनवर ठेवला. चाकाच्या लोखंडावर घासून त्याची धार दोन ठिकाणी तुटली होती. नवरा म्हणाला, "तो सायकलवरचा धारवाला येतो ना, त्याला दे. तुझ्या कात्र्या करतो, हाही करेल." ते मनाला पटेना. त्या माणसाचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. त्याच्यासाठी करता येण्यासारखी एवढी एकच गोष्ट माझ्या हातात होती, आणि ती मला स्वतः करायची होती.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. मूळचे मालवणकडचे, उभा जन्म मालवाहू जहाजांवर गेला. पत्नी वारल्यापासून एकटेच असतात. दुपारी त्यांच्या गॅलरीतून दगडावर लोखंड घासल्याचा आवाज येतो, तो मी मशीन चालवताना किती वर्षं ऐकत होते. जिन्यात भेटलो की 'बरं आहे ना' यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं. मी चाकू रुमालात गुंडाळला आणि त्यांची बेल वाजवली.

काकांनी चाकू उघडला. पातं डोळ्यासमोर उभं धरून उजेडाकडे बघितलं, मग आडवं धरून बघितलं.

"कोणाचा हा?"

घोगऱ्या आवाजात जमेल तसं सांगितलं. ते ऐकत होते आणि अंगठ्यानं मुठीवरची दोरी चाचपत होते.

"बस," ते म्हणाले. "ह्याला धार लावण्याआधी हा काय आहे ते तुला कळायला हवं."

आतून त्यांनी लोकरीचे जाड मोजे आणले. प्रत्येक मोज्यात एक चाकू होता. सगळे खिशात मावतील असे, घडीचे. मला वाटलं होतं, चाकू म्हणजे धार; ती असली की कापतो, गेली की कापत नाही. काकांनी ते सगळे ओळीनं मांडले, पण धारेला बोट लावलं नाही. पाठीपासून धारेपर्यंत लोखंड कसं उतरत येतं, ते बघ म्हणाले.

पहिल्या चाकूचे दोन्ही गाल आत गेलेले होते. "हा हॉलो. माझे गाल म्हातारपणी बसलेत ना, तसा. धारेशी लोखंड अगदी पातळ. कापड, कातडं, फळाची साल, हे असं निघतं." त्यांनी माझ्याकडून कापडाची चिंधी मागून घेतली आणि टोकाला धरून तिच्यावरून पातं ओढलं. चिंधीचे दोन तुकडे झाले, आवाजसुद्धा आला नाही. "पण ह्यानं बांबू तासायला गेलीस तर धारेचा तुकडा पडेल."

दुसरा सरळ उताराचा होता, पाठीपासून धारेपर्यंत पाचरीसारखा. काका त्याला फ्लॅट म्हणत. कांद्यापासून दोरीपर्यंत सगळ्याला चालणारा. तिसऱ्याचं पोट फुगीर होतं. बोट फिरवलं तर माशाच्या अंगावरून फिरवल्यासारखं वाटे. त्याच्या धारेला मागून जाड आधार होता. काकांनी गॅलरीतल्या कुंडीतली बांबूची काठी घेतली आणि त्या चाकूनं तिचा जाड छिलका उडवला. पात्याला काही झालं नाही.

"आता तुझा बघ."

मी माझा, म्हणजे त्या माणसाचा चाकू उजेडाकडे धरला. एका बाजूला उतार होता. दुसरी बाजू पाटीसारखी सपाट होती.

"काका, हे माझ्या कात्रीसारखं आहे," मी म्हटलं. कात्रीच्या पात्यालाही उतार बाहेरून एकाच बाजूला असतो.

त्यांना बरं वाटलं. "मग अर्धं काम झालं. हा कलमाचा चाकू. एक बाजू सपाट असते म्हणून काप सपाट येतो, आणि काप सपाट आला तरच फांदी फांदीला चिकटून बसते. आणि हा काळा डाग बघ, हा केळीचा चीक. वाडीतला माणूस आहे तुझा. वसईकडे बघ, केळीच्या वाड्या तिथंच."

मी धार लावायला शिकायला गेले होते, आणि त्या माणसाचा पत्ता अर्धाअधिक हातात घेऊन वर आले.

पुढच्या दुपारी काकांनी दगड बादलीत भिजत घातले होते. एक खरखरीत, एक मऊ. माझ्या मशीनवरचं स्केचपेन त्यांनी आणायला सांगितलं आणि पात्याच्या उतारावर निळी रेघ भरायला लावली. मग दगडावर घासायचं आणि थांबून बघायचं. शाई नुसती पाठीकडची गेली, तर हात फार खाली. नुसती धारेशी गेली, तर हात फार वर. सगळी सारखी गेली की कोन बरोबर. पहिल्या दिवशी माझी शाई कुठूनही जात होती. दुसऱ्या दिवशी मनगट दुखलं. काका खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकत असत. "उचललास हात," म्हणत, आणि खरंच उचललेला असे.

तुटलेल्या दोन जागा घासून निघायला बऱ्याच दुपारी गेल्या. त्या गेल्यावर काकांनी सपाट बाजूवर नख आडवं फिरवायला सांगितलं. धारेच्या कडेला अगदी बारीक खरखर लागली. हे लोखंड या बाजूनं घासून त्या बाजूला वळलेलं, ते म्हणाले. ते काढायचं, पण सपाट बाजू दगडावर पूर्ण झोपवून. "पाठ केसभर उचललीस तर सपाटपणा गेला. मग ह्याचा नुसता भाजीचा चाकू होईल." मी श्वास धरून पातं झोपवलं आणि दोनदा हलकेच ओढलं. शेवटी त्यांच्या जुन्या कमरेच्या पट्ट्यावर पालिश केलं.

त्या दिवसांत ते फार बोलले असं नाही. एकदा म्हणाले, "ही होती तेव्हा स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांना मीच धार लावायचो. ती गेली, सवय राहिली." मी मान हलवून पातं पुन्हा दगडावर टेकवलं. तोवर माझा आवाजही परत आला होता.

श्रावण लागला. एका रविवारी नवऱ्याला घेऊन मी वसई गावातल्या बाजारात गेले. स्कूटरवर बसायचं धाडस होईना, म्हणून बसनं गेलो. श्रावणात केळीच्या पानांना मागणी असते. पानवाल्या बायका ओळीनं बसल्या होत्या. मी एकेकीला चाकू दाखवत गेले. पहिल्या रविवारी कोणालाच ओळख पटली नाही. दुसऱ्या रविवारी एका म्हाताऱ्या बाईंनी हिरव्या दोरीवर बोट ठेवलं, शेजारणीला त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी सांगितलं. मला त्यातलं अर्धंच कळलं. मग माझ्यासाठी सावकाश म्हणाल्या, "हा आमच्या जावेचा. अशी दोरी तीच गुंडाळते."

"एका माणसाच्या हातात होता," मी म्हटलं. "टेम्पो होता त्याचा."

"तिचा मुलगा. नोकरी करतो, सुट्टीच्या दिवशी वाडीचा माल पोचवतो." त्या माझ्या गळ्याकडे बघत होत्या. तिथला वळ अजून पुरता गेला नव्हता. "तुम्हीच का त्या?"

त्यांनी वाट सांगितली. समुद्राच्या बाजूला, केळी आणि नारळींच्या मधून जाणारा अरुंद रस्ता, शेवटी विहीर आणि बसकं घर. अंगणात चाळिशीचा एक माणूस केळीचे घड मोजत उभा होता. मी ओळखलं नाही. त्यानं मात्र मला ओळखलं. हातातला घड खाली ठेवला आणि तो तसाच उभा राहिला.

"ताई, तुम्ही बऱ्या आहात?"

"बरी आहे," मी म्हटलं. "तुमच्यामुळे."

तो ओट्याच्या कडेवर बसला. दोन्ही हातांनी तोंड पुसलं. नवरा पुढे होऊन आभार मानायला लागला, तर त्यानं हातानं थांबवलं.

"मला वाटलं होतं मी तुमचा गळा कापला."

आम्हाला कळेना. मग तो सांगायला लागला. चाकातली ओढणी कापून उठला, तेव्हा त्याला हाताला रक्त दिसलं. चाकूलाही होतं. मी मान टाकून पायरीवर बसले होते, भोवती माणसं, त्याला माझा गळा दिसेना. मागून हॉर्न वाजत होते, कोणी शिव्या देत होतं. हातातला चाकू कधी गळला त्यालाच कळलं नाही. टेम्पोत बसला आणि निघाला. पुढे पुलाशी थांबवला, कारण पायानं क्लच दाबला जाईना. तिथं पाहिलं तेव्हा त्याचं स्वतःचंच बोट चाकाजवळच्या पत्र्यानं कापलेलं होतं. रक्त त्याचं असेल असं वाटलं. पण नुसतं वाटलं, खात्री नव्हती.

"परत का नाही आलात?" नवऱ्यानं विचारलं. त्या विचारण्यात राग नव्हता.

"दुसऱ्या दिवशी गेलो होतो त्या दुकानापर्यंत. समोर उभा राहिलो. विचारायची हिंमत झाली नाही. दुकानदार भलतंच काही बोलला असता तर?" त्यानं बोटावरचा तो व्रण चोळला. "तेव्हापासून रोज सकाळी वाडीत काम करताना तेच. चाकू आत घातला तेव्हा पाठ होती ना गळ्याकडे? की धार होती?"

"पाठ होती," मी म्हटलं. "मला नीट आठवतं. गार लागली होती."

मी ओढणी बाजूला करून त्याला गळा दाखवला. वळ होता, पण कापल्याची खूण कुठंच नव्हती. तो उठला, जवळ आला, वाकून नीट पाहिलं. मग म्हणाला, "तुम्ही आलात हे फार बरं केलंत, ताई." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायची त्यानं काही खटपट केली नाही. मी आभार मानायला गेले होते. ते शब्द मी बसमध्ये मनाशी जुळवून ठेवले होते. त्याऐवजी मी रुमालात गुंडाळलेला चाकू पर्समधून काढला.

आतून त्याची आई आली. सत्तरीच्या, काटक, गुडघ्यापर्यंत चिखल. सगळं ऐकलं होतं त्यांनी. मी रुमाल सोडून चाकू त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उघडला आणि, काकांनी धरला होता अगदी तसाच, उजेडाकडे उभा धरला.

"कोणी केली धार?"

"मी. आमच्या खालच्या काकांनी शिकवली."

"सपाट बाजू राखलीत." त्या आनंदून म्हणाल्या. "हा चाकू गेल्यापासून ते पेपर कापायचं कटर घेऊन कलमं करत होते मी. पातं वाकायचं, काप वेडावाकडा यायचा." मुलाकडे बघून म्हणाल्या, "ह्यानं एका बाईची ओढणी कापताना चाकू हरवल्याचं सांगितलं तेव्हा विचारलं, बाई वाचली का? तर काही बोलेना. मग मीही पुन्हा विचारलं नाही."

मग त्या आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेल्या. पिशव्यांमध्ये आंब्याची कोवळी रोपं उभी होती. त्यांनी एक काडी घेऊन दोन्ही बाजूंनी तिरके काप दिले. काडीचं टोक पाचरीसारखं झालं. रोपाचा शेंडा छाटून मधोमध चीर दिली आणि पाचर तिच्यात बसवली. "मध्ये उजेड दिसता कामा नये," म्हणाल्या आणि मला रोप डोळ्यापुढे धरायला लावलं. उजेड दिसत नव्हता. दुसरी काडी त्यांनी माझ्या हातात दिली. चाकू सपाट बाजूवर आपोआप सरळ चालत गेला, मला नुसतं धरून ठेवायचं होतं. माझ्या कलमाला प्लॅस्टिकची पट्टी त्यांनीच बांधली. ते कलम पुढे जगलं नाही. फोनवर त्यांनी हसत सांगितलं, आणि त्यांचं स्वतःचं पहिलं कलमही मेलं होतं, असंही सांगितलं.

निघताना आम्हाला केळी, पानं आणि सोनटक्क्याचे कंद मिळाले. नको म्हणायची सोय नव्हती.

त्यानंतर पर्समध्ये स्वतःचा एक चाकू ठेवावा असं मला वाटायला लागलं. काकांना म्हटलं, मला निवडून द्या. त्यांनी पुन्हा मोजे आणले. माझा हात सरळ त्या पातळ गालांच्या चाकूकडे गेला, चिंधीचे आवाज न करता दोन तुकडे करणाऱ्या. माझं सगळं आयुष्य कापडात, आणि प्रसंगही कापडाचाच होता.

"तो घे," काका म्हणाले. "पण रोज काय कापणार आहेस ते आठवून बघ."

मी आठवून बघितलं. कुरिअरची खोकी, अस्तराच्या गठ्ठ्यांच्या सुतळ्या, बसमध्ये पेरू, कधी नारळाची शेंडी. ओढणी रोज अडकत नाही, देवाच्या दयेनं. मी सरळ उताराचा घेतला. त्याला टोकही फार अणकुचीदार नव्हतं. दर पंधरवड्याला धार मी स्वतः करते. शाई अजूनही भरते, कारण हात कधी कधी अजूनही उचलला जातो. चाकू वापरला गेला तो खोकी उघडायला आणि एकदा बसमधल्या एका आजोबांच्या पिशवीची गाठ कापायला. याहून मोठं काम त्याला कधी पडू नये, अशी माझी इच्छा आहे.

भाद्रपदात, गणपती झाल्यावर, मी काकांना त्या वाडीत घेऊन गेले. आधी नाही म्हणत होते. गुडघे दुखतात, बसमध्ये चढवत नाही, तिथं माझं काय काम. शेवटी त्या मावशींनी, टेम्पोवाल्याच्या आईनं, फोनवर त्यांना विचारलं, कोयत्याचं पोट फुगीर ठेवायचं की सरळ करायचं? त्यावर काका लांबलचक बोलले आणि शेवटी म्हणाले, बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

तिथं ओट्यावर दोघांचं असं काही जमलं, की आम्हाला मध्ये बोलायला जागा नव्हती. मावशींनी कोयते, विळे आणि नारळ सोलायचा सुळा, सगळं बाहेर काढलं. काका एकेक उजेडाकडे धरत. मावशी सांगत, हा केळीचं खोड तोडायला, हा पानं काढायला. एका कोयत्याला सरळ धार करून बघा असं काका म्हणाले. मावशींनी नकार दिला, गाठीला लागला तर तुटेल म्हणाल्या, आणि काकांनी बांबूची काठी आठवून ते मान्य केलं. जेवायला केळफुलाची भाजी होती. काकांनी ती दोनदा मागून घेतली. नंतर वाडीत फिरायला गेले ते चपला हातात घेऊन, चिखलात पाय रोवत, दुखऱ्या गुडघ्यांबद्दल एक शब्द न काढता.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. विरार येईपर्यंत बोटांवर काहीतरी मोजत होते. स्टँडवर उतरताना त्यांनी माझ्या हाताचा आधार घेतला आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी त्यांचे सगळे कोयते करायचं ठरलंय. तो मोठा दगड माझ्याच्यानं उचलणार नाही. तुझ्या नवऱ्याला सांग, पिशवी त्यानं धरायची."

मी सांगते म्हटलं.